पात्राने लिहिलेले पान

कादंबरीतील पात्राने पत्र लिहावे, रोजनिशी ठेवावी, मृत्युपत्र करावे, ही युक्ती वाङ्मयाला नवी नाही. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' (१८९७) ही कादंबरी तर रोजनिशा, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांचीच गुंफलेली आहे. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये यमूची कहाणी यमूच्याच तोंडून वदविली. तथापि अशा सर्व ठिकाणी एक गोष्ट गृहीत असते. पात्रामागे उभा असलेला लेखक एकच असतो. पात्राने लिहिलेला कागद कोणाच्या हाती पडावा, वाचणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, आणि पुढे काय करावे, हेही तोच ठरवितो. ही सत्ता लेखकाच्या हातून निसटली म्हणजे त्या कागदाचे काय होते, हा प्रश्न वाङ्मयविचारात सहसा उपस्थित होत नाही, कारण तसे लेखन आपल्या डोळ्यांसमोर नसते. ते अलीकडे निर्माण झाले आहे, आणि तेही अशा ठिकाणी की जिकडे साहित्य अकादमीच्या सभासदांची वाट सहसा वळत नाही. केवळ शब्दांच्या आधारे संगणकावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकांच्या खेळात, खेळातील पात्रांनी खेळातल्याच संकेतस्थळांसाठी लिहिलेली आणि सांभाळलेली पाने, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. हा खेळ चित्रांचा नव्हे. पडद्यावर ओळी उमटतात: आपण अमुक गल्लीत उभे आहात, पाऊस पडत आहे, उत्तरेस एक लोखंडी दार आहे. खेळणारा 'उत्तरेस जा' अशी आज्ञा टंकतो, आणि दारापलीकडचे वर्णन येते. तेथे दुसरे पात्र असेल तर त्याच्याशी बोलता येते, भांडता येते, सौदा करता येतो. ते पात्र चालविणारा मनुष्य कोठल्या देशात बसला आहे हे ठाऊक नसते व ठाऊक असण्याचे कारणही नसते. इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये आरंभिलेला 'मड' हा या कुळाचा मूळपुरुष. पुढे १९८९ मध्ये जेम्स अ‍ॅस्प्नेस यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात 'टायनीमड' रचला, तेव्हा खेळणाऱ्यांना स्वतःच्या खोल्या बांधण्याची व त्यांची वर्णने लिहिण्याची मोकळीक मिळाली. १९९० मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी 'लॅम्डामू' उभारला. त्यात प्रत्येक वस्तूला क्रमांक, मालक आणि वर्णन असे, आणि त्या वस्तूने कसे वागावे हेही खेळणाऱ्याला खेळाच्या आतूनच लिहिता येई. वाचकांच्या हातात लेखणी गेली ती येथे.

या पायावर जे अनेक खेळ उभे राहिले त्यांत 'सायबरपंक' जातीचे खेळ आमच्या विषयाला जवळचे आहेत. १९९७ पासून चालत आलेला, विथमोर नामक घुमटाखालच्या नगरीत घडणारा 'सिनडोम' हा त्यांतील एक प्रसिद्ध खेळ होय. या जातीच्या कथांचे नाव ब्रूस बेथके यांच्या १९८३ मधील एका कथेच्या शीर्षकावरून आले आणि त्यांचे रूप विल्यम गिब्सन यांच्या 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) या कादंबरीने निश्चित केले. राजसत्तेहून बलाढ्य झालेल्या कंपन्या, त्यांच्या मनोऱ्यांच्या सावलीत किडामुंगीसारखी जगणारी माणसे, विकत मिळणारे कृत्रिम अवयव आणि सर्वांना गुंतवणारे संगणकांचे जाळे, असा त्यांचा संसार. येथे एक गमतीची विसंगती आम्हांस नोंदवावीशी वाटते. गिब्सन यांनी ती कादंबरी हाताने बडवावयाच्या साध्या टाइपरायटरवर लिहिली, आणि त्यांनी कल्पिलेले जाळे हे प्रकाशाच्या भौमितिक आकृत्यांचे होते. त्यात वाचावयाचे पान असे नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाच्या 'सर्न' संस्थेत 'वेब'चा आराखडा मांडला तो त्यानंतर पाच वर्षांनी, १९८९ मध्ये. म्हणजे या खेळांतील पात्रे जी पाने लिहितात त्यांचा साचा गिब्सन यांच्या भविष्यातून आलेला नाही. तो १९९० नंतरच्या दशकातील खऱ्याखुऱ्या जाळ्यातून, तेथील दुकानांच्या जाहिरातींतून आणि हौशी लोकांच्या घरगुती पानांतून आला आहे. भविष्यकाळाची वेशभूषा केलेला हा नजीकचा भूतकाळ आहे, आणि आमच्या मते ते त्याचे वैगुण्य नव्हे.

खेळातील पान म्हणजे काय? पात्र एखाद्या संगणकापाशी बसते, जागा भाड्याने घेते, शीर्षक व मजकूर लिहिते, आणि नगरीतील इतर पात्रे तो मजकूर आपापल्या यंत्रांवर वाचतात. खानावळीचे दर, टोळीची धमकी, हरवलेल्या माणसाची चौकशी, कंपनीचे गोडगोड निवेदन, निनावी आरोप, मृताला वाहिलेल्या चार ओळी, असे त्याचे नाना प्रकार. हा मजकूर ज्याने खरोखर टंकला त्या मनुष्याचे नाव त्यावर नसते. वाचणाऱ्यालाही दोन मने ठेवावी लागतात: खेळणारा म्हणून त्याला ठाऊक असते की हे सारे रचलेले आहे, आणि पात्र म्हणून त्याने ते दुकानाच्या पाटीइतके खरे मानावयाचे असते. आपल्या रसशास्त्रात शंकुकाने या मनःस्थितीला चित्रतुरगन्यायाचा दाखला दिला होता. भिंतीवरील घोडा पाहताना हा घोडाच आहे असे आपण म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, संशयातही पडत नाही, आणि हा घोड्यासारखा आहे असेही म्हणत बसत नाही. नटाविषयी जे त्याने सांगितले ते या पानांना लागू पडते. मात्र येथे प्रेक्षक स्वतःही नट आहे आणि त्या चित्रातल्या घोड्यावर बसून त्याला गावाला जावयाचे आहे.

अशी पाने चांगली कोणती व वाईट कोणती, हे सांगणे टीकाकाराचे काम आहे. बहुतेक पाने वाईट असतात हे प्रथम सांगून टाकू. त्यांचा दोष कोणता तो आम्हां शिक्षकांना निराळा शिकावयास नको. 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' हा निबंध आपण वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. छत्री बोलू लागते, आणि पहिल्याच वाक्यात ती पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेसारखी बोलते. तिला काड्या आहेत, तिला गंज चढला आहे, तिला कोणी एस. टी.त विसरून गेले होते, हे तिला स्वतःला सुचतच नाही. जीवनाच्या क्षणभंगुरतेवर मात्र ती दोन परिच्छेद सांगते. विद्यार्थ्याने छत्रीला तोंड दिले, परंतु कान आणि पोट दिले नाही. खेळातील बहुसंख्य पानांवर हीच छत्री बोलत असते.

दृष्टांतासाठी दोन पाने आम्हीच रचून पाहतो. नगरीच्या खालच्या वस्तीत कृत्रिम हातपाय दुरुस्त करणारा एक कारागीर आहे असे समजा. एका खेळाडूने त्याचे पान असे लिहिले: 'जेथे निळे दिवे पावसात अश्रू ढाळतात, जेथे पोलाद आणि मांस यांची सीमारेषा पुसट होते, त्या अंधाऱ्या नगरीच्या गर्भात मी भग्न देहांना नवा जन्म देतो.' दुसऱ्याने असे लिहिले: 'हात-पाय दुरुस्ती. आधी पैसे, मग काम. मंगळवारी बंद. उधारीवर नेलेले गुडघे परत आणावेत, नावे लावली जातील. एक डावा हात महिन्यापासून पडून आहे. मालकाने न्यावा.'

पहिल्या पानात भाषा आहे. तिला आपल्या भाषास्पर्धेत कदाचित उत्तेजनार्थ बक्षीसही मिळेल. परंतु ते पान कारागिराने लिहिलेले नाही. खेळणाऱ्याने कारागिराच्या खांद्यावरून डोकावून, पलीकडे बसलेल्या रसिकांसाठी ते लिहिले आहे. दुसऱ्या पानातला मनुष्य रसिकांकडे पाहातच नाही. त्याला गुडघे परत हवे आहेत. 'नावे लावली जातील' यात त्याची चीड दिसते, 'मंगळवारी बंद' यात त्याचा काही खासगी नेम असावा असे वाटते, आणि तो डावा हात वाचकाच्या मनात लटकत राहतो. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचा प्राण म्हटले ते उगीच नव्हे. येथे औचित्य केवळ शब्दयोजनेचे नाही, लिहिणाऱ्याच्या गरजेचे आहे. कोणत्याही माणसाला नगरीचे वर्णन आपल्या शेजाऱ्यांना ऐकवण्याची गरज नसते. ते तेथेच राहतात.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास आरंभ केला तेव्हा बखरीपेक्षा अस्सल पत्राला त्यांनी अधिक मान दिला, हे आपण जाणतो. बखरकाराला गोष्ट सांगावयाची असते, म्हणून तो शोभा आणतो. पत्र लिहिणाऱ्याला दाणावैरण हवी असते, थकलेला पगार हवा असतो, आणि नेमकी त्यामुळेच दोन शतकांनंतर त्याची छावणी आपल्याला दिसू लागते. वर दिलेली दोन पाने म्हणजे एक बखर आणि एक पत्र. खेळातील लेखनाला हीच कसोटी लावावी असे आम्हांस वाटते.

परंतु पान लिहून संपले असे होत नाही, आणि या लेखनप्रकाराचे खरे मर्म येथून पुढे सुरू होते. आपला कारागीर महिन्याभराने पुन्हा यंत्रापाशी बसतो आणि शेवटच्या ओळीत बदल करतो. 'मालकाने न्यावा' हे शब्द खोडून तो लिहितो, 'डावा हात विकला.' तीन शब्द. ज्याने पहिला मजकूर वाचला होता त्यालाच या तीन शब्दांचा अर्थ कळेल: मालक आला नाही, आणि आता यावयाचा नाही असे कारागिराने ठरविले. नगरीत कोणा एका पात्राचा भाऊ बेपत्ता असेल, त्याचा डावा हात कृत्रिम असेल, आणि हे पान वाचून ते पात्र रात्री दुकानाचे दार ठोठावील. हा प्रवेश कोणी लिहून ठेवलेला नाही. कारागीर चालविणाऱ्याला ते भाऊप्रकरण ठाऊकही नसेल. कादंबरीत हा योगायोग लेखकाने घडवून आणला असता, आणि तो घडवून आणलेला आहे हे आपण ओळखले असते.

म्हणून पान सांभाळणे हा कारकुनी भाग नसून लेखनाचाच उत्तरार्ध आहे, असे आमचे मत आहे. दर वाढविणे, एखादे नाव गाळणे, धमकीची भाषा मवाळ करणे, सांकेतिक शब्द घालून पानाचा एक भाग मोजक्यांनाच दिसेल असा करणे, या प्रत्येक कृतीत पात्र बोलत असते. काही न करणे हेही बोलणेच. ज्या दुकानाचा मालक केव्हाच नाहीसा झाला त्याचे पान 'आज ताजा रस्सा' असे रोज सांगत राहते; तो करुणरस कोणीही योजिलेला नसतो, आणि योजून तो साधलाही नसता. याच्या उलट, ज्या पानाची रोज उठून झाडलोट होते, ज्यावरील प्रत्येक ओळ गुळगुळीत असते, ते कंपनीच्या कचेरीचे पान म्हणून शोभेल. खालच्या वस्तीतल्या गुत्त्याचे म्हणून शोभणार नाही.

सांकेतिक शब्दाचा उल्लेख वर आला, त्यावर थोडे अधिक. पात्र मरते आणि ते चालविणारा खेळाडू नवे पात्र घेऊन त्याच नगरीत येतो. जुन्या पानाचा सांकेतिक शब्द त्याच्या बोटांना पाठ असतो, परंतु नव्या पात्राला तो ठाऊक असण्याचे काहीच कारण नसते. ते कुलूप उघडावयास कोणी आडवे येत नाही, आणि तरी ते उघडावयाचे नाही, हा या खेळांचा धर्म आहे. पात्राला कळलेले आणि पात्रामागच्या माणसाला कळलेले यांत सीमा आखून ती पाळणे, ही गोष्ट नाटककाराला आणि कादंबरीकारालाही किती जड जाते हे आपण जाणतो. आपल्या कितीतरी सामाजिक नाटकांतल्या मोलकरणी लेखकाचे विचार बोलतात.

दक्षिण कोकणातील आणि गोव्यातील दशावतारी नटांशी या खेळाडूंची तुलना कोणाच्याही मनात येईल. तेथेही संहिता नसते; कथासूत्र ठरते, आणि संवाद रंगमंचावर सुचतात. तरीही भेद महत्त्वाचा आहे. दशावतारातला राजा आज रात्री जे बोलला ते उद्याच्या गावात त्याच्यावर बंधनकारक नसते. खेळातील बोलणेही पडद्यावरून वर सरकून जाते. पान मात्र राहते. त्यावर दिलेले वचन दाखवून कोणी जाब विचारू शकतो, त्यावरील आरोपाबद्दल कोणी सूड घेऊ शकतो. बोलण्याच्या या नगरीत पान हाच काय तो दस्तऐवज.

शब्दांच्या या खेळात परिणाम खरे होतात याचा एक गंभीर दाखला इतिहासात आहे. लॅम्डामूमध्ये १९९३ साली एका पात्राने शब्दांच्याच जोरावर दुसऱ्या पात्रांच्या तोंडी आणि देही अत्यंत किळसवाणी कृत्ये घातली. ज्यांच्यावर ती लादली गेली त्या खऱ्या माणसांना ती लागली. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्याचा वृत्तांत लिहिला. पुष्कळ चर्चेनंतर एका व्यवस्थापकाने ते पात्रच पुसून टाकले, आणि पुढे कर्टिस यांनी तेथे अर्ज व मतदान यांची रीत घालून दिली. 'हे शब्दच तर आहेत' असे म्हणणाऱ्यांना आम्ही हा दाखला देऊ. पानावर दुसऱ्याच्या नावाने मजकूर लिहिण्याची, दुसऱ्याचे पान फोडून बिघडविण्याची मुभा जेथे खेळाचाच भाग म्हणून दिली जाते, तेथे मर्यादा कोठे आखावी हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो केवळ यंत्रज्ञांनी सोडवावयाचा नाही.

व्यवस्थापकांविषयीही बोलले पाहिजे, कारण या लेखनाचे संपादक तेच. लॅम्डामूमध्ये प्रत्येकाला जागा मोजून मिळे, आणि अधिक हवी असेल तर एका परीक्षण मंडळापुढे विनंती करावी लागे. या टंचाईची पुष्कळांनी कुरकुर केली. आम्हांस ती टंचाई हितकर वाटते. जेथे पानाला मोल पडते, भाडे द्यावे लागते, ओळी मोजाव्या लागतात, तेथे कारागीर 'निळे दिवे अश्रू ढाळतात' असे लिहिणार नाही. त्याला ते परवडणार नाही. मात्र व्यवस्थापकांनी पानांचे शुद्धलेखन सुधारू नये, आणि मृत पात्रांची पाने लगेच साफ करू नयेत. आम्ही जन्मभर तांबड्या शाईने खाणाखुणा करीत आलो, तरी हे म्हणतो. अडाणी पात्राने ऱ्हस्वदीर्घ चुकविले तर ती चूक त्याच्या मालकीची आहे.

एक आक्षेप मात्र तत्त्वाचा आहे, आणि आमच्या अनेक मित्रांना तो निर्णायक वाटेल. मर्ढेकरांनी कलाकृतीत संवाद, विरोध आणि समतोल यांची लय पाहावयास शिकविले. त्या दृष्टीने सुटे पान काढून पाहिले तर 'मंगळवारी बंद' यात लय कोठली? ते स्वयंपूर्ण नाही, त्याला आदि-अंत नाही. आक्षेप बरोबर आहे. फक्त तो चुकीच्या वस्तूला लावलेला आहे. कलाकृती म्हणून जी वस्तू पाहावयाची ती एक पान नव्हे. त्या पानाची कालक्रमाने झालेली सर्व रूपे आणि त्यांनी इतर पात्रांकडून घडविलेली कृत्ये मिळून ती वस्तू होते. 'मालकाने न्यावा' आणि 'विकला' यांच्यामध्ये जो महिना गेला त्यात विरोध आहे, आणि दार ठोठावले गेले तेव्हा समतोल साधला किंवा बिघडला. एवढे खरे की ही वस्तू संपूर्णपणे पाहणारा वाचक कोणीच नसतो. ज्याने पहिले रूप वाचले त्याने दुसरे वाचले असेलच असे नाही. सर्व रूपे ज्याच्या हाती आहेत तो व्यवस्थापक, आणि तो रसिक म्हणून तेथे बसलेला नसतो.

त्यामुळे जतनाचा प्रश्न अवघड होतो. टायनीमड १९८९ च्या ऑगस्टात सुरू झाला आणि १९९० च्या एप्रिलात बंद झाला. इतक्या थोड्या महिन्यांत खेळणाऱ्यांनी हजारोंनी खोल्या बांधल्या होत्या. पुढे खऱ्या जाळ्यावरील 'जिओसिटीज' ही हौशी पानांची वसाहत याहू कंपनीने २००९ मध्ये मोडली, तेव्हा स्वयंसेवकांनी धावाधाव करून तिचा पुष्कळ भाग उतरवून घेतला. खेळातील पान तसे उतरवून घेतले तरी काय हाती येते? 'डावा हात विकला' एवढेच. तो कोणी वाचला, कोणाचा घास त्या रात्री अडकला, हे टिपलेले नसते. दप्तर जपावयाचे तर पानाबरोबर त्याच्या जुन्या रूपांच्या तारखाही जपाव्या लागतील, आणि खेळणाऱ्यांनी संमती देऊन आपल्या आठवणी लिहून ठेवाव्या लागतील. हे काम ग्रंथपालांचे आहे, आणि आपल्या संस्थांतील ग्रंथपाल त्याला असमर्थ आहेत असे आम्ही मानीत नाही.

राहिला आपल्या भाषेचा प्रश्न. वर जी दोन पाने आम्ही मराठीत रचली ती मूळ लॅम्डामूच्या यंत्रणेत टंकता आली नसती. ती यंत्रणा 'आस्की' या जुन्या संकेतावर उभी होती, आणि त्यात छापण्याजोगी चिन्हे अवघी ९५: रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि एक कोरी जागा. देवनागरीसाठी युनिकोडने १२८ स्थाने राखून ठेवली आहेत. ती घेणारी नवी यंत्रणा आज बांधता येण्याजोगी आहे. तोपर्यंत बेळगावचा किंवा बडोद्याचा जो कोणी तरुण त्या नगरीत शिरेल, त्याला आपला कारागीर इंग्रजीतच बोलवावा लागेल. त्याच्या मनात 'नावे लावली जातील' हे शब्द आले, तर ते इंग्रजीत कसे उतरवावे याचा विचार करीत तो थांबेल, आणि तेवढ्यात पलीकडचे पात्र दुकानातून निघून गेलेले असेल.